विषाचा जोडीदार

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यासह ओसरीवर हिरडे फोडत बसले होते. शिष्याचे नाव विश्राम. सात वर्षे गुरूंजवळ काढल्यामुळे आता आपल्याला बरेच कळते, असे त्याला वाटू लागले होते. एवढ्यात गावात शोभेची दारू बनवणाऱ्या कासमभाईंना चौघांनी बाजेवर घालून आणले. मागून त्यांची बायको राबिया धावत आली.

“वैद्यबाबा, घात झाला! उरुसासाठी दारूकामाचं झाड करत होते. जेवताना मीठ समजून तिथलीच पांढरी भुकटी ताकात टाकली. तासाभरात उलट्या, जुलाब, आणि आता हातसुद्धा उचलत नाही.”

“भुकटी आणलीस?”

तिने पदराची गाठ सोडली. वैद्यांनी चिमूटभर भुकटी शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकली. हिरवीगार ज्योत उठली आणि विझली. वैद्यांचा चेहरा गंभीर झाला.

“विश्राम, कडू मीठ कालवून आण.”

विश्राम जागचा हलेना. कडू मीठ म्हणजे तर जुलाबाचे औषध. “गुरुजी, यांच्या पोटात पाण्याचा थेंब ठरत नाही. त्यावर पुन्हा जुलाब दिला तर माणूस हातचा जाईल!”

“आण म्हणतो ना.”

त्याने आणले खरे. पण गुरूंनी पेला रोग्याच्या ओठांशी नेताच विश्रामने त्यांचे मनगट धरले. वैद्य रागावले नाहीत. “शंका नंतर विचार. आत्ता यांचे डोके उचलून धर.”

घोट घोट करत ते कडू पाणी पोटात गेले. मग दिवसभर नारळाचे पाणी चालू राहिले. विश्रामने नाडीवरचे बोट काढले नाही. नाडी मधूनच अडखळे. ऊन कलले तशी ती हळूहळू एका लयीत चालू लागली. कासमभाईंची करंगळी हलली, मग मूठ वळली. “राबिया,” ते पुटपुटले, “झाड अर्धंच राहिलं गं.” राबिया हसता हसता रडू लागली.

दुसऱ्या दिवशी विश्राम खाली मान घालून गुरूंसमोर उभा राहिला. वैद्यांनी काचेचे दोन पेले मागवले. एकात उरलेली भुकटी विरघळवली, दुसऱ्यात कडू मीठ. दोन्हींतले पाणी नितळ. आरपार दिसत होते.

“आता एकात दुसरे ओत.”

विश्रामने ओतले. क्षणात त्या नितळ पाण्यात दुधासारखे ढग उसळले. तो दचकला. पाहता पाहता पांढरा गाळ तळाशी बसू लागला.

“हा विरघळवून दाखव,” वैद्य म्हणाले.

त्याने ढवळले, कढत पाणी घातले, लिंबू पिळले. गाळ तसूभरही कमी झाला नाही.

वैद्य सांगू लागले, “त्या भुकटीत बेरियम नावाचा धातू आहे; निखाऱ्यावरची हिरवी ज्योत त्याचीच. त्याचा पहिला जोडीदार असा, की दोघेही पाण्यात सहज विरघळतात. विरघळतो म्हणूनच तो रक्तात शिरतो आणि स्नायू लुळे पाडतो. कडू मिठात गंधकाचा एक अंश आहे. तो भेटताच बेरियम जुन्या जोडीदाराला सोडतो आणि याला असा घट्ट धरतो की पाण्याला ती मिठी सोडवता येत नाही. मागे राहिलेले दोघे आपापसात जोडी करून पाण्यातच राहतात. काल जे रक्तात गेले होते, त्याच्याशी कासमभाईंचा देहच झुंजला. पोटात उरले होते, त्याचा मात्र असा गाळ झाला. मी विष नष्ट केले नाही, विश्राम. त्याचा कणही कमी झाला नाही. मी फक्त त्याचा जोडीदार बदलला.”

विश्राम पेला उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत राहिला. माणसाचा जीव घेऊ पाहणारे तेच द्रव्य तळाशी पांढरे, शांत पडून होते.

“आणि मी तुमचा हात धरला,” तो हळूच म्हणाला.

“धरलास ते बरे केलेस. रोग्याची काळजी वाटली म्हणून धरलास. पण तुला जेवढे दिसत होते, तेवढेच असते असे तू समजलास.”

विश्रामने गुरूंना वाकून नमस्कार केला. मग, का कोण जाणे, त्याने त्या पेल्यालाही हात जोडले.