विश्रामचं सातवं काम

"मग माझं काम कोणतं, बाबा?"

विश्रामने हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरबाबा हिवराच्या झाडाखाली बसून सुईचं टोक नखावर घासून बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पीराच्या टेकडीकडे जाणाऱ्या पायवाटेवर फकिराची ही जागा होती. भोवतालचा सगळा माळ बोरी-बाभळींचा. शेरडंवाले, लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाया, ज्याच्या पायात काटा मोडेल तो लंगडत बाबांकडे यायचा. बाबा काटा काढायचे, वर रुईच्या चिकाचा थेंब लावायचे आणि म्हणायचे, "चल, निघ." चाळीस वर्षं हा एवढाच उद्योग.

अशा माणसाला आयुष्याचं काही विचारावं, हे विश्रामच्या डोक्यातलं नव्हे. त्याच्या जुन्या मास्तरांनी त्याला पाठवलं होतं. बहुधा त्याच्या प्रश्नांना कंटाळूनच पाठवलं असावं.

नाव विश्राम, पण चौतिशी उलटली तरी गड्याचं बूड कुठे टेकलं नव्हतं. सहा कामं धरली आणि सहा सोडली. वर्तमानपत्रात गेला, तिथे खरं छापत नाहीत म्हणून बाहेर पडला. गरिबांसाठी चालणाऱ्या संस्थेत गेला, तिथे कामापेक्षा फोटो जास्त निघतात म्हणून भांडून आला. विषमुक्त शेती करायला घेतली, तर शेजारचा औषध फवारतो म्हणून शेतीवरच रुसला. बरं, प्रत्येक वेळी त्याचं म्हणणं खरंच असायचं. तीच तर पंचाईत होती.

"बाबा, मी काय विचारतोय?"

"ऐकू येतंय..."

"मग?"

बाबा सुईशी खेळत राहिले.

विश्राम उठला, चार पावलं चालला, परत येऊन बसला. मग त्याने खिशातून एक पत्र काढलं. घड्या घालून घालून ते मऊ पडलं होतं. बहिऱ्या मुलांच्या एका शाळेने त्याला शिकवायला बोलावलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं.

"वाच," बाबा म्हणाले.

"'यायचं तर राहायला या,'" विश्रामने वाचलं. "'मागचे सर चार महिन्यांत गेले. ते का गेले, हे मुलांना अजून समजावता आलेलं नाही. गाडी थांबली की ती फाटकाशी पळतात.'"

पुढचं त्याला वाचवेना.

"चांगलं काम हाय," बाबा म्हणाले.

"पहिली सहाही चांगलीच होती. पहिले दोन महिने मी अगदी झोकून देतो. मग काहीतरी खुपायला लागतं. वाटतं, हे ते नव्हेच." विश्रामने पत्राची पुन्हा घडी घातली. "मला भीती वाटते, बाबा. मी तिथूनही निघून जाईन. म्हणून आधी कळायला हवं. हे माझं खरं काम आहे की नाही, एवढंच सांगा. नसेल तर जातच नाही."

"आन् असलं तर?"

"तर जन्मभर हलणार नाही."

बाबा पहिल्यांदाच हसले. तोंडात तीनच दात होते, पण हसू मात्र भरघोस होतं.

इतक्यात पायवाटेवरून ठकूबाई आली. साठीची धनगरीण, एका पायावर उड्या मारत, काठीचा आधार घेत. तिची शेरडं कधीच टेकडीपलीकडे निघून गेली होती आणि तिकडे लांडग्याचा वावर होता.

"बाबा, लवकर बघा. शेरडं म्होरं गेल्यात."

तिने बाबांसमोर बसकण मारली आणि पाय पुढे केला. बाबांनी तो डोळ्यांजवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग सुई विश्रामपुढे धरली.

"मला?"

"मोतीबिंदू पिकलाय, बेटा. कधी काटा दिसतो, कधी नुस्तं धुकं. घे..."

"मी कधी काढलेला नाही."

"तिच्याबी पायात हा काटा पयल्यांदाच मोडलाय."

विश्रामने पाय मांडीवर घेतला. टाच भेगाळलेली, भेगांत माती, शेणाचा वास. चपलेविना साठ वर्षं चाललेला पाय. ज्या लोकांसाठी आपण जगायचं ठरवलं, त्यांच्यातल्या कुणाचा पाय आजवर हातात घेतला नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला भडभडून आलं. डोळे काठोकाठ भरले. सुई भलतीकडेच टोचली.

"आगं आई गं!" ठकूबाई ओरडली. "आरं बाबा, आधी डोळं पूस. दिसतंय का तुला काय?"

विश्रामने घाईघाईने बाहीने डोळे पुसले.

"खोल हाय," ती म्हणाली. "आत ऱ्हायला तर कुरूप व्हतंय. मग चालायचं कसं?"

त्याने वाकून पाहिलं. मातीखाली एक काळसर ठिपका होता. सुईने त्याने वरची निबर कातडी जराशी उकरली. ठकूबाईने दात आवळले. अजून जराशी उकरली. घाम नाकावर आला, तो त्याने पुसला नाही. डाव्या अंगठ्याने बाजूने दाबलं, ठिपका हलला. पुन्हा दाबलं.

झाडावर कावळा ओरडत होता. पत्र मांडीवरून घसरून धुळीत पडलं. विश्रामला त्यातलं काहीच कळलं नाही. सहा कामं, ती सोडल्याची लाज, सोमवार, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. त्याला फक्त ठिपका दिसत होता.

काट्याचं बूड वर आलं. बाभळीचाच होता, चांगला जाड. आता नखांच्या चिमटीत धरून सरळ ओढायचा, की झालं.

आणि विश्राम थांबला.

आत काहीतरी लख्ख उजळलं होतं. इतका वेळ जीव कुठेच पळाला नव्हता! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याने सुई तशीच हातात धरून मान वर केली. चेहरा नुसता फुलला होता.

"बाबा... हेच का ते? हेच माझं काम असेल का?"

ठकूबाईचा पाय त्याच्या मांडीवर थरथरत होता. अर्धा काटा आत, अर्धा बाहेर. टाचेवर रक्ताचा थेंब जमत होता. टेकडीपलीकडून शेरडांचं ओरडणं आलं आणि तिने काठी घट्ट धरली.

बाबांनी धूसर डोळे त्याच्याकडे वळवले.

"पाय तिचा हाय, विश्राम."