मिटल्या ओठांची ओडा

पुस्तकं वासराच्या कातड्यावर हातानं लिहीत असत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. युरोपातल्या एका डोंगराळ मुलखात हेर्लबाख नावाचं गाव होतं. तिथं ओडा नावाची म्हातारी राहायची. मठातल्या साधूंसाठी ती कातडी तासून गुळगुळीत करायची, आणि तासता तासताच अक्षरं शिकली, असं म्हणतात. साधूंनी तिला कसर लागलेली एक पोथी देऊन टाकली होती.

त्या काळी वाचायचं म्हणजे मोठ्यानंच वाचायचं. गावचे पाद्रीबाबा एकटे असले तरी पुटपुटत वाचायचे. दुसरी काही रीत असते हे कुणाच्या गावीही नव्हतं.

रुपर्ट हा चर्चची घंटा वाजवणारा. भारी संशयी माणूस. दुधावर साय कमी आली तरी आधी शेजाऱ्याकडे बघायचा. एका दुपारी तो ओडाच्या खिडकीशी थबकला. म्हातारी पोथी उघडून बसली होती. डोळे ओळींवरून फिरत होते, ओठ मात्र घट्ट मिटलेले. आणि मध्येच ती खुदकन हसली! रुपर्टच्या अंगावर काटा आला. ही वाचत नाहीये, हिला कुणीतरी सांगतंय.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणाची गाय आटली होती, कुणाचं पोर तापलं होतं. सगळ्याचं खापर ओडावर फुटलं. तिला वेशीबाहेर काढायचं ठरलं. बाहेर गुडघाभर बर्फ, म्हणजे मरणच ते.

रविवारी चर्चसमोर सारे जमले. "बोल म्हातारे," रुपर्ट ओरडला, "तुझ्या कानात कोण बोलतं? सैतानच ना?"

ओडानं पाण्याचा वाडगा पुढे केला. "लेका, तोंड भरून पाणी घे. गिळू नकोस. आता तुझी आई तुला हाक कशी मारायची, ते आठव."

पाण्यात काही कालवलंय का म्हणून रुपर्टनं आधी वास घेतला, मग घोट घेतला. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. सारं गाव त्याच्या ओठांकडे टक लावून होतं. आणि एकदम त्याच्या डोळ्यांना धार लागली.

"आली ऐकू? मग सांग, कानात कोण बोललं? सैतान?"

रुपर्टनं घोट गिळला. "आई," एवढंच म्हणाला.

त्याच क्षणी, दोराला कुणाचा हात नसताना, वरची घंटा हलली. आवाज झाला नाही, तरी ती सगळ्यांना ऐकू आली, असं म्हणतात.

ओडा शेवटपर्यंत गावातच राहिली. आजही तिच्या आठवणीच्या दिवशी हेर्लबाखची माणसं घंटेच्या लोलकाला लोकर गुंडाळतात आणि ती मुकी घंटा हलवतात. प्रत्येकाच्या तोंडात पाण्याचा घोट असतो. ज्याला आपल्या गेलेल्या माणसाची हाक ऐकू येते, तो घोट गिळतो. काही खट म्हाताऱ्या अजूनही शेजारणीच्या ओठांवर नजर ठेवून असतात, कुणी लबाडी करतंय का म्हणून. आणि दरवर्षी सगळ्यांत आधी घोट गिळतात त्या त्याच.