धनेश राजाचा शेवटचा क्षण

एका राज्यात मणिभद्र नावाचा राजा होता, आणि तो धनेश पक्षी होता. जन्मापासून नव्हे, कूटनाथ जादूगाराला त्याने भर दरबारात 'गारुडी' म्हटलं, तेवढ्यावरून झाला. भली मोठी चोच, चोचीवर शिंग, आणि आतून आवाज मात्र राजाचाच: "प्रधानजी, सिंहासन जरा उंबराखाली सरकवा."

शाप असा होता. बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं घटिकापात्र दर दसऱ्याला पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की राजा घटकाभर माणूस होई. पक्षीपणाच्या अगदी शेवटच्या क्षणी कोणी चोचीला कुंकू लावलं, तर कायमचा माणूस. तीन वर्षं, तीन संधी. तिन्ही हुकल्या, तर जन्मभर उंबर.

पहिल्या वर्षी प्रधानजींनी कुंकू लावलं. कूटनाथ म्हणाला, "घाई केलीत. अजून एक क्षण उरला होता."

दुसऱ्या वर्षी राजगुरू वेदगर्भशास्त्री बसले. पात्र बुडतंय न बुडतंय तोच त्यांनी बोट टेकवलं.

"उशीर," कूटनाथ म्हणाला. "हे नाक आहे, शास्त्रीबुवा."

तिसऱ्या वर्षी राणी तरंगिणी पुढे झाली. राणी मोठी भित्री. पात्रात बुडबुडा आला तरी दचके. हातात कुंकवाचा करंडा होता.

"राणीसाहेब, डोळ्यात घालू नका म्हणजे झालं," राजा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो!" राणी जादूगाराकडे वळली. "महाराज, मला मेलीला काही कळत नाही. तो शेवटचा क्षण आपणच दाखवा. दाखवलात, तर मीही धनेशीण होऊन उंबरावर बसेन. नाही दाखवता आला, तर शाप खोटा."

"वचन!" कूटनाथ हसला.

पात्र काठोकाठ आलं.

"हा क्षण!"

"यानंतर बुडेपर्यंत वेळच नाही?"

"आहे थोडा."

"त्या थोड्यात राजा कोण?"

"पक्षीच."

"मग हा शेवटचा कसा?"

"बरं, हा!"

"आणि उरलेल्याच्या अर्ध्यात?"

"तेव्हाही पक्षीच. मग हा! हा! हा हा हा!"

दरबाराला वाटलं, जादूगार हसतोय. इतक्यात पात्र बुडालं. त्या आवाजाने राणी अशी दचकली, की सगळं कुंकू शास्त्रीबुवांच्या अंगावर. समोर राजा, दोन हातांचा, नाकासकट.

"माणूसपणाला पहिला क्षण आहे, तो हा," राणी म्हणाली. "पण त्याच्या कितीही जवळ जा, मध्ये आणखी एक पक्ष्याचा क्षण असतोच. पक्षीपणाला शेवटचा क्षण नाहीच, कूटनाथ महाराज. जे नाही, त्यावर शाप बांधलात."

कूटनाथाने तोंड उघडलं, मंत्र आठवेना. शाप खोटा ठरला की जादूगाराची जादू जाते, तशी त्याची गेली. तो पायीच घरी निघाला.

तरी घटका सरल्यावर राजा पुन्हा पक्षी होतो की काय, म्हणून पात्र पुन्हा पाण्यावर सोडलं. ते भरलं, बुडालं. नाक नाकच राहिलं. राणीने ते चिमटीत धरून पाहिलं, आणि मग कुठे तिला रडू फुटलं.

"पण संक्रमणाच्या नेमक्या क्षणी राजा होता कोण, पक्षी की माणूस?" शास्त्रीबुवा कुंकू झटकत विचारते झाले.

"माझा," राणी म्हणाली.

तिला तिचा मिळाला, तसा ज्याला त्याला आपला माणूस मिळो.