देवाच्या डोहासाठी निवडलेलं सामान

आंबवड्याच्या राजेसाहेबांना गळाने मासे धरायचा भारी षोक. दिवाणखाना विलायती काठ्यांनी भरलेला. एकदा त्यांच्या मनानं घेतलं, देवळाखालच्या डोहातला सगळ्यांत मोठा मासा धरायचा. ते देवाचे मासे. दुष्काळातसुद्धा गावानं त्यातला एक शिजवला नव्हता. गावकरी आत्यासाहेबांकडे धावले. राजांना लहानपणी गळ टाकायला त्यांनीच शिकवलं होतं.

"आत्यासाहेब, रदबदली नको," राजे म्हणाले. "सामान तेवढं निवडून द्या. द्याल तेच वापरीन. पण मासा हाती आला पाहिजे."

"येईल," आत्यासाहेब म्हणाल्या.

सकाळी सारा गाव घाटावर उभा होता. आत्यासाहेबांनी एकाही काठीला हात लावला नाही. पदराची गाठ सोडून त्यांनी राजांच्या ओंजळीत लाह्या घातल्या आणि ओंजळ पाण्यात धरायला लावली. थोड्याच वेळात तो सगळ्यांत मोठा, हातभर लांब मासा वर आला आणि राजांच्या हातातल्या लाह्या निवांत टिपू लागला.

"आणि गळ?" राजे पुटपुटले.

"गळ लागतो भिणाऱ्या माशाला. हा माणसाला भीत नाही. मूठ आवळा, राजे. मासा तुमचाच आहे."

बोलून गेल्या खऱ्या, पण आत्यासाहेबांची नजर राजांच्या बोटांवरून हलेना. राजांनी मूठ आवळली असती, तर गावाचा देव आत्यासाहेबांनीच घालवला असता.

लाह्या संपल्या, मासा खोल निघून गेला, तरी राजांची ओंजळ उघडीच होती. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"आत्यासाहेब, आणखी लाह्या आहेत?"