नाकेदाराच्या काठीची मूठ

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा लोकांचं म्हणणं राजे स्वतःच्या कानांनी ऐकत, आणि आपण कुणाची तरी हद्द आहोत हे नद्यांना ठाऊक नसे.

अशाच एका नदीच्या काठी एक गाव होतं. अलीकडे आपल्या राजाचा मुलूख, पलीकडे दुसऱ्या राजाचा. ये-जा करायला एक होडी. होडी लागायची तिथे बांबूचा एक आडवा दांडा, आणि दांड्याशेजारच्या चौकीत बसलेला एक नाकेदार. पलीकडून माल आला की त्यावर जकात घ्यायची, ती राजाच्या कुलूपबंद पेटीत वरच्या भोकातून टाकायची आणि मगच दांडा वर करायचा, एवढंच त्याचं काम.

त्याच्या आज्यानं हेच केलं, बापानंही हेच केलं. आज्याला जुन्या राजानं आपल्या हातानं एक काठी दिली होती. तिला सिंहाच्या तोंडाची चांदीची मूठ होती. नाकेदार ती मूठ रोज सकाळी चिंचेनं घासायचा आणि मगच न्याहारीला बसायचा. घरात दुसरी चांदी नव्हती, आणि त्याला तिची गरजही वाटत नसे. "राजाचा हात लागलेली वस्तू आहे," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, विचारलं नाही तरी सांगायचा.

माणूस वाईट नव्हता. कवडीची लाच कधी घेतली नाही. पण काही माणसांचा प्रामाणिकपणा खरजेसारखा असतो, दुसऱ्यालाही सुखानं बसू देत नाही. त्याचं तसं होतं.

एके वर्षी प्रधान राजाला म्हणाला, "महाराज, लोक परमुलखाचा माल घेतात आणि आपली संपत्ती नदीपार जाते. जकात वाढवावी." तोवर जकात सोळावा हिस्सा होती. राजानं फर्मान काढलं, की बाहेरून येईल त्या वस्तूच्या किमतीची निम्मी जकात घ्यावी.

नाकेदारानं फर्मान कपाळाला लावलं आणि कामाला लागला. मिठाच्या गोण्या आल्या, निम्मी जकात. सुया-दोरे आले, निम्मी जकात. गावात नवी सून आली, तिच्या हातात माहेरच्या बांगड्या दिसल्या, तर वऱ्हाड दांड्यापाशी खोळंबलं. भाऊबीजेला त्याचाच मेहुणा बहिणीसाठी चोळीचा खण घेऊन आला. नाकेदारानं त्याला गूळपाणी दिलं, खुशाली विचारली आणि खणाची जकातही घेतली. बायको आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मग व्हायचं तेच झालं. व्यापाऱ्यांनी वाट बदलली. होडीवाला होडीत बसून मासे धरू लागला. दांडा वर करायची वेळच येईना, तेव्हा त्याच्यावर कावळे बसू लागले. गावातल्या बायका आमटीत मीठ मोजून घालू लागल्या.

गुढीपाडव्याला पेटी दरबारी गेली. दरबारात ती उघडली तेव्हा आतून एक झुरळ निघालं आणि थोडी चिल्लर. पेटी परत आली ती पत्र घेऊनच: 'पुढल्या पाडव्याला पेटी रिकामी निघाली तर नाकेदारी दुसऱ्या घरात जाईल. काठी परत करावी लागेल.'

नाकेदारानं पत्र तीनदा वाचलं. नंतर किती तरी वेळ तो मुठीवरून अंगठा फिरवत बसला. तीन पिढ्यांची काठी आपल्या हातून जाणार, या विचारानं त्यानं जेवणाचं ताटही बाजूला सारलं.

"व्यापारीच येत नाहीत, त्याला तुम्ही काय करणार?" बायको म्हणाली. "तसं राजाला कळवा की."

"राजाला शिकवणारा मी कोण?" नाकेदार म्हणाला. "माल येत असेलच. माझीच नजर कमी पडत असेल."

आणि त्यानं नजर ताणली. भादव्यात एका सकाळी, दांड्याला टेकून तो नदीकडे बघत उभा असताना, त्याच्या कानाजवळून काही तरी गुणगुणत गेलं. पाठोपाठ आणखी एक. नदीवरून, सरळ पलीकडच्या रानातून, मधमाश्या येत होत्या. पाय परागानं पिवळे झालेले, पोटं भरलेली. दांड्याच्या वरून त्या खुशाल राजाच्या मुलखात शिरत होत्या.

"तरीच!" नाकेदार ओरडला. कावळे उडाले.

माश्यांच्या मागोमाग तो गावाच्या कडेला पोचला. तिथे एक बाई राहायची. मातीच्या अठरा मडक्यांत ती माश्या पाळायची. मडक्यांची तोंडं शेणामातीनं लिंपलेली आणि प्रत्येकाला करंगळीएवढं भोक. गाव तिला मधवाली म्हणायचं. नाकेदार एका मडक्यासमोर बसला आणि नदीकडून आलेल्या एकेका माशीला एकेक खडा टाकू लागला. दुपारपर्यंत गुडघ्याएवढा ढीग झाला.

"नाकेदार, खेळताय व्हय?" मधवालीनं विचारलं.

"बाई, हा मध कुठल्या फुलांचा?"

"पल्याडच्या रानातला. आपल्या काठाला कारळ्याबिगर फूल हाय कुठं? त्ये बी महिनाभर. बाकीचे अकरा महिने माझ्या माश्या तिकडंच चरत्यात."

"म्हणजे परमुलखाचा माल. निम्मा मध जकातीत भरावा लागेल."

मधवाली हसली, पण तो हसत नाही हे पाहून म्हणाली, "आता काढायला मध न्हाई नाकेदार. मडक्यात हाय त्यो त्येंच्या पोटाचा. निम्मा काढला तर निम्म्या मरतील. आन् माश्या काय मी धाडते? त्या आपल्या आपन जात्यात."

"फर्मानात कोण धाडतं ते लिहिलेलं नाही. काय येतं ते लिहिलंय. जकात भरा, नाही तर मडक्यांची भोकं बुजवा."

बाईनं एकदा मडक्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बुजवायला त्या काय उंदरं हायती? माझा भाऊ पल्याड तीन कोसांवर जांभळीच्या रानात ऱ्हातो. जिथं त्येंचं पोट भरतं तिथंच घिऊन जाते मी त्येंना."

त्याच दिवशी तिन्हीसांजेला, माश्या घरी परतल्यावर, तिनं मडक्यांना फडकी बांधली आणि होडीच्या चार खेपा केल्या. बाहेर जाणाऱ्या मालावर जकात नव्हती. नाकेदारानं स्वतः दांडा वर धरला. पेटीत काही पडलं नाही याचं त्याला वाईट वाटलं, पण चोरटी आयात बंद पडली म्हणून रात्री झोप बरी लागली.

आश्विन आला. आता या गावाचं एक सांगायचं राहिलं. गावाची सगळी भिस्त कारळ्याच्या शेतीवर होती. काळं बारीक बी, त्याचं तेल निघायचं. गावाच्या फोडणीला तेच, देवाच्या समईला तेच, आणि उरलेल्या बुधल्या राजधानीला जायच्या. त्या वर्षी कारळा असा फुलला की टेकड्याच्या टेकड्या पिवळ्या झाल्या. नाकेदाराचंही चौकीमागे वावर होतं. तो बायकोला म्हणाला, "बघ, फर्मान पाळलं की देवही पावतो."

"पावेल हो," बायको म्हणाली. "पण यंदा वावरात गेलं की कान कसे सुने सुने वाटतात."

नाकेदारानं कान दिला. वारा होता, पाखरं होती. एखाददुसरी रानमाशी भिरभिरत होती. दर वर्षी फुलोरा असेपर्यंत वावरात जी एक गुणगुण असायची, ती नव्हती. तो तसाच चौकीवर परतला.

मार्गशीर्षात कापणी झाली, झोडणी झाली. गावचा तेली चौकीवर आला. त्यानं ओंजळीतलं बी नाकेदारासमोर धरलं आणि हळूच फुंकर मारली. बी उडून गेलं. तळहातावर चारदोन दाणे राहिले.

"समदं पोचट," तेली म्हणाला. "घाणा दिसभर फिरवला, बुधलीचा तळ भिजंना. मधवालीच्या माश्या फुलाफुलावर बसायच्या म्हनून दाना भरायचा. माशीबिगर कारळा म्हंजी निस्ता शिमगा, रंग तेवढा. गावाचं वरीस गेलं, नाकेदार."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसता सांगून गेला.

त्या संध्याकाळी नाकेदाराच्या देवघरात समई लागली नाही. तेल पलीकडून आणावं, तर त्यावर निम्मी जकात, आणि ती घेणारा तोच. बायकोनं वाटीत कोरडी चटणी ठेवली, भाकरी ठेवली आणि समोर बसली. नाकेदाराला रडू आलं. इतकी वर्षं आपण दांड्यापाशी बसलो आणि आत काय काय येत होतं ते आपल्याला दिसलंच नाही, असं त्याला वाटलं. तो मुठीत मावणारं मोजत बसला होता.

माघात तो होडीत बसला. तीन कोस चालला. जांभळीच्या रानात मडकी ओळीनं मांडलेली होती आणि सगळीकडे तीच ओळखीची गुणगुण चालली होती. मधवालीनं त्याला बसायला घोंगडी दिली, भाकरीवर मध घालून दिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "परत चला."

"चुकलं तर चुकलं. मानूसच हाय तुमी," मधवाली म्हणाली. "गाव माझंच हाय, येते मी. पर आता ही मडकी परमुलखातनं यायची. दांड्यापाशी पुन्यांदा तुमीच हुबं ऱ्हानार. जकात कोन भरनार? मला तर न्हाई जमायची."

तिन्हीसांजेला माश्या परतल्यावर नाकेदारानं स्वतः मडक्यांना फडकी बांधली, आणि रातोरात ती भावाच्या बैलगाडीतून नदीवर आणली.

पहाटे मडकी होडीत चढली, पुन्हा चार खेपा झाल्या. अलीकडच्या काठावर अठरा मडकी दांड्यासमोर येऊन थांबली. होडीवाला म्हणाला, "करा की दांडा वर. कोन बघतंय?"

खरंच कुणी बघत नव्हतं. पण ज्या माणसानं मेहुण्याला सोडलं नाही, तो स्वतःला कसा सोडणार? आणि मडक्यांची किंमत तरी किती? पूर्वी त्यानं मधावरून धरली असती. आता त्याला ठाऊक होतं की अख्ख्या गावाच्या वर्षभराच्या तेलाइतकी ती किंमत आहे. तिचा निम्मा हिस्सा द्यायला घरदार विकलं तरी पुरलं नसतं.

पण घरदाराहून मोलाची एक वस्तू त्याच्या हातातच होती. त्यानं काठी गुडघ्यावर घेतली. मूठ पिळून पिळून सैल केली आणि काढली. सिंहाच्या तोंडावरून एकदा अंगठा फिरवला आणि मूठ पेटीच्या भोकातून आत टाकली. रिकाम्या पेटीत ती मोठ्यानं वाजली.

मग त्यानं दांडा वर केला.

पाडव्याला तो स्वतःच पेटी घेऊन दरबारात गेला. राजानं पाहिलं, नाकेदार बोडकी काठी टेकत येतोय.

"काठीची मूठ कुठे गेली?" राजानं विचारलं.

"पेटीत आहे, महाराज. जकातीत भरली."

राजानं किल्ली मागवली. पेटी उघडली. आत दुसरं काहीच नव्हतं. आपल्याच आज्यानं दिलेली चांदीची मूठ तेवढी तळाशी पडली होती. राजानं ती हातात घेतली आणि सगळी हकिगत विचारली. नाकेदारानं काही लपवलं नाही. खड्यांचा ढीग सांगितला, पोचट बी सांगितलं, तेलावाचून खाल्लेल्या कोरड्या भाकरीही सांगितल्या.

"पेटी रिकामी नाही, म्हणून नाकेदारी ठेवा असं मी म्हणणार नाही," तो शेवटी म्हणाला. "काठी परत घ्यावी."

यंदा राजधानीत तेलाच्या बुधल्या का आल्या नाहीत, ते त्याला आता कळत होतं. मग तो प्रधानाकडे वळून म्हणाला, "वर्षभर आपण दार लावून बसलो, आणि आत काय आलं? आपलीच मूठ. जकात मिठासारखी असावी, चवीपुरती. पुन्हा सोळावा हिस्सा करा. आणि जे आपलं पीक पिकवतं, त्यावर तेवढीही नको." त्यानं मूठ नाकेदाराच्या हातावर ठेवली. "काठीही तुझी, नाकाही तुझा. पण व्यापारी येत नाहीत, हे मला वर्षापूर्वीच का नाही सांगितलंस?"

"राजाला शिकवणारा मी कोण, असं वाटलं, महाराज."

"फर्मान मी काढतो," राजा म्हणाला. "पण त्याचं काय होतं, ते दांड्यापाशी बसणाऱ्यालाच दिसतं."

पुढच्या आश्विनात कारळा फुलला, आणि वावरं पुन्हा गुणगुणू लागली. मार्गशीर्षात तेल्याचा घाणा उशिरापर्यंत फिरत राहिला. व्यापारी परतले, मीठ परतलं, भाऊबीजेला मेहुणाही आला. नाकेदार अजून रोज मूठ घासायचा, पण त्याआधी एक काम करायचा. उजाडलं की माश्या पलीकडे निघायच्या, तेव्हा तो उठून दांडा वर करायचा. माश्या दांड्याच्या कितीतरी वरून जायच्या, त्यांना त्याची काही अडचण नव्हती. होडीवाला हसायचा. नाकेदार हसू द्यायचा.

म्हणून लहानथोरांनी एवढं लक्षात ठेवावं: बाहेरून येणाऱ्याला दारात अडवण्याआधी, त्याच्यामुळे आपल्या घरात काय पिकतं ते पाहावं.