पंधरा नंबरचे मणी

भाविकहो, भुजंगनाथ महाराज त्या वर्षी नवरात्रात तळेखांडला यमाईच्या देवळात उतरले होते. त्याच गावात त्रिंबक पटवेकरी राहत असे. दागिने गाठवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच दिवसातून दहादा सांगे!

देऊळ झाडणाऱ्या गजराबाईची लेक मोठ्या तापातून उठली, म्हणून तिने आपल्या हाताने ओवलेली पोत देवीला बोलली होती. अष्टमीच्या आरतीआधी ती देवीच्या गळ्यात पडायची होती. बिचारीने नाकातली मुरणी मोडली. मग त्रिंबकाकडे गेली आणि देवीला चांगले ठसठशीत मणी हवेत, तर मणेऱ्याकडे कोणता नंबर मागू, असे विचारले.

आता या धंद्यातली गोष्ट अशी, की बोटाच्या एका पेरात जितके मणी मावतात तितका त्यांचा नंबर. म्हणजे नंबर जितका मोठा तितका मणी बारीक. सहा नंबर ठसठशीत, आणि पंधरा नंबर म्हणजे निव्वळ खसखस! त्रिंबकाला हे झोपेतही ठाऊक. पण अडाणी बाईची फजिती पाहायची त्याला लहर आली. गंभीर चेहरा करून तो म्हणाला, "पंधरा नंबर माग. त्याहून मोठा मणी मिळायचा नाही."

अष्टमीला सकाळी गजराबाईने मणेऱ्याने बांधून दिलेली पुडी मंडपात प्रथमच सोडली आणि एकच हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसला तो त्रिंबक. तिची सुई एकाही मण्यात शिरेना. आरतीला घटकाच उरली, नवस चुकायची वेळ आली, आणि ती मान खाली घालून रडू लागली.

महाराजांनी विचारले, "बाई, हा नंबर तुला कुणी सांगितला?"

त्रिंबकाचे हसू ओठांवरच विरले. आता ही आपले नाव घेणार! पण गजराबाईने एकदाच त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "कुणी नाही, महाराज. माझंच चुकलं."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तरी परवडले असते. त्रिंबकाच्या कानशिलांना आग लागली. त्यातच महाराजांनी त्याला जवळ बोलावले आणि तू जाणकार, एक मणी ओवून दाखव म्हणाले. त्याने आपली सर्वांत बारीक सुई काढली, दोऱ्याला मेण लावले. रोज असलेच मणी ओवणारा हात तो, पण आज सुई जाईना! मणी घरंगळू लागले. सारा गाव पाहत होता. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"महाराज, मीच सांगितला," तो कसाबसा म्हणाला. "हिला हसायचं म्हणून सांगितला."

आणि काय सांगावे! हे शब्द तोंडातून निघाले मात्र, सुई मण्यातून सुळकन पार झाली. महाराजांनी तो दोरा गजराबाईच्या हाती दिला. झाडू धरून राठ झालेली तिची बोटे नुसती टेकायचा अवकाश, मणी भराभर दोऱ्यावर चढू लागले. आरतीची घंटा वाजली तेव्हा सात पदरांची पोत यमाईच्या गळ्यात होती. एवढे नाजूक काम त्रिंबकाच्या हातून जन्मात झाले नव्हते.

तो महाराजांच्या पायांवर पडायला वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, "माझा काय अपराध केलास?"

त्रिंबक वळला आणि साऱ्या गावादेखत त्याने गजराबाईच्या पायांवर डोके ठेवले. ती ओशाळून गेली.

"उठा दादा," ती म्हणाली, "तुम्ही हा नंबर सांगितलात म्हणून तर आईला एवढी देखणी पोत झाली."

हे ती अगदी मनापासून बोलली. त्रिंबकाला काही केल्या मान वर करवेना.