ठुमीचं गाणं आणि मुका भोंगा

माळावरच्या मंडपात एक नियम होता. गाणं म्हणायचं, तर भोंग्याच्या तोंडात तोंड घालून म्हणायचं.

का?

का, असं विचारायचं नाही!

"आवाज भोंग्यातून येतो ना?" बेडूकआजोबा म्हणत. "मग तिथंच गायचं. माझे आजोबासुद्धा तिथंच गायचे!"

माणसं जेवायला गेली, की मंडप प्राण्यांचा. बेडूकआजोबा गायले, डरांव डरांव! कोंबडेकाका गायले, कुकूचकू! त्यांचे गळेच मोठे. भोंगा नसता, तरी ऐकू गेलं असतं.

मग आली ठुमी. ठुमी म्हणजे एवढीशी चिचुंद्री. तिची धाकटी बहीण पिटी बांधापलीकडं, बिळात होती. पिटीच्या पायात काटा मोडला होता. तिला चालता येईना. "रडू नको," ठुमी तिला म्हणाली होती, "माझं गाणं तुला बिळात ऐकू येईल."

ठुमी भोंगा बांधलेल्या बांबूवर चढली. भोंग्यात तोंड घातलं. चूं चूं चूं!

गाणं भोंग्यातच हरवलं. पिटीपर्यंत काही गेलं नाही.

"गळाच नाही पोरीला," आजोबा म्हणाले. "चल, हो बाजूला."

ठुमीनं भोंग्यालाच विचारलं.

"भोंग्या, भोंग्या, बोल की!
माझं गाणं पिटीला जाईना!"

"मी नाही बोलत," भोंगा म्हणाला. "मला नुसतं तोंड आहे. कान कुठं आहे? अँप्लीनं ढकललं, तर बोलेन."

ठुमी निघाली, तुरूतुरू तुरूतुरू. खाली होती एक जड लोखंडी पेटी. ती गुरगुरत होती, गुं गुं गुं. तोच अँप्ली.

"अँप्ली, अँप्ली, ढकल की!
भोंगा बोलेना,
माझं गाणं पिटीला जाईना!"

"मी नाही ढकलत," अँप्ली म्हणाला. "इवलंसं गाणं आलं, तर मोठं करून ढकलतो. पण काही येतच नाही! मिक्सरनं सोडलं, तर ढकलेन."

ठुमी निघाली, तुरूतुरू तुरूतुरू. टेबलावर होता मिक्सर. अंगभर बटणंच बटणं!

"मिक्सर, मिक्सर, सोड की!
अँप्ली ढकलेना,
भोंगा बोलेना,
माझं गाणं पिटीला जाईना!"

"मी नाही सोडत," मिक्सर म्हणाला. "कुणाचं गाणं किती सोडायचं, ते मी बघतो. पण आधी यायला तर हवं! वायरीनं आणलं, तर सोडेन."

ठुमी निघाली, तुरूतुरू तुरूतुरू. सतरंजीखाली वायर लोळत होती. लांबच लांब, काळी काळी.

"वायरबाई, वायरबाई, आण की!
मिक्सर सोडेना,
अँप्ली ढकलेना,
भोंगा बोलेना,
माझं गाणं पिटीला जाईना!"

"मी नाही आणत," वायर म्हणाली. "दिलं, तर आणीन. न दिलेलं कुठून आणू? माइकनं ऐकलं, तर आणीन."

ठुमी वायरीच्या पाठीवरून निघाली, तुरूतुरू तुरूतुरू. वायर संपली, तिथं माइक! जाळीचं डोकं, बारीक अंग. सतरंजीवर आडवा पडलेला.

"माइक, माइक, ऐक की!
वायर आणेना,
मिक्सर सोडेना,
अँप्ली ढकलेना,
भोंगा बोलेना,
माझं गाणं पिटीला जाईना!"

"अंऽऽ?" माइक म्हणाला. "मी झोपलोय. बटण वर सरकव, मग ऐकेन. आणि गाताना अशी जवळ ये, बोटभर अंतरावर."

"पण तू भोंग्यापासून किती लांब!"

"लांबच बरा! जवळ गेलो, की आम्ही दोघं किंचाळतो. कुईंईंईं!"

ठुमीला हसू आलं. तिनं बटण नाकानं ढकललं. हलेना. पायानं ढकललं. हलेना. मग पाठ लावली, डोळे मिटले आणि...

टक्!

ठुमी बोटभर अंतरावर उभी राहिली. गायला लागली.

माइकनं ऐकलं,
वायरीनं आणलं,
मिक्सरनं सोडलं,
अँप्लीनं ढकललं,
भोंगा बोलला!

"ऊठ गं पिटी, ऊन आलं!
बोरीचं बोर टपकन पडलं!"

गाणं मंडपाबाहेर गेलं. माळावरून गेलं. बांध ओलांडून गेलं. आणि पलीकडून, ठुमीच्याच कानांना कळेल असा, बारीक आवाज आला, चूं चूं!

"आलं गं ताई! ऐकू आलं! आणखी म्हण!"

कोंबडेकाकांचा तुरा ताठ झाला. बेडूकआजोबा भोंग्यासमोर बसून ओरडले, "ए पोरी! तिकडं काय करतेस? इकडं ये! गायचं, तर भोंग्यात तोंड घालून!"

"का?" ठुमीनं विचारलं.

"का, असं विचारायचं नाही!"

ठुमी माइकच्या आणखी जवळ गेली.

"मग मी येणार नाही!"

माइकनं ऐकलं,
वायरीनं आणलं,
मिक्सरनं सोडलं,
अँप्लीनं ढकललं,
भोंगा बोलला, थेट आजोबांच्या कानाशी.

"मी येणार नाही!"

आजोबा टुणकन भोंग्यासमोरून बाजूला झाले. कोंबडेकाका आपल्याच पायांकडं बघत राहिले.

ठुमीनं श्वास घेतला आणि पिटीसाठी दुसरं कडवं धरलं.